वानप्रस्थाचे बिऱ्हाड

आपल्या शहापूर-मुरबाड भागातील जुन्या कौलारू घरात वृद्ध माणसाची जागा ठरलेली असे. संसार चालविण्याचे दिवस होते तोवर तो माजघरात वावरे. मुलगा कर्ता झाला म्हणजे त्याचे बाजले ओटीवर येई. ओटीवरून येणारा-जाणारा दिसे, गुरे मोजता येत, खळ्यावर नजर राही, आणि घरात कोण रागावले व कोण हसले हेही ऐकू येई. उतारवयात कोठे राहावे, हा प्रश्न कोणी कोणास विचारीत नसे. कारण त्याचे उत्तर सुताराने घर उभारतानाच देऊन ठेवलेले असे.

आज तो प्रश्न विचारला जात आहे. मुले कल्याण, डोंबिवली, ठाणे येथे सदनिकांत राहतात. तेथे ओटी नाही. गावचे घर उभे आहे, पण त्यात दोन म्हाताऱ्या जिवांखेरीज कोणी नाही. अशा वेळी 'ज्येष्ठांची वसाहत' म्हणून जी नवी सोय निघाली आहे, तेथे भाड्याने घर घेऊन राहावे की काय, असा विचार आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबांत सुरू झाला आहे. आपल्या मेळाव्यांतून ह्या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही मुलांनी आईबापांस घराबाहेर काढण्याची सुधारलेली रीत होय. दुसरा पक्ष म्हणतो, जग बदलले, लाज कसली धरता? आमच्या मते दोन्ही पक्ष लाजेचाच विचार करीत आहेत, आणि ज्याचा विचार करावयास हवा ते कागदपत्र कोणी वाचीत नाही. म्हणून ह्या बिऱ्हाडाचा मागील इतिहास काय, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडावे असे मनात आले.

म्हातारपणी घर सोडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या आणि नातवाचे तोंड पाहिले म्हणजे गृहस्थाने वनाकडे निघावे, असे मनूच्या ग्रंथात सांगितले आहे. (त्या ग्रंथाविषयी आमचे एकंदर मत काय, ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे.) प्रत्यक्षात वनात किती लोक गेले असतील याची शंकाच आहे, परंतु क्षेत्रात जाऊन राहणारे पुष्कळ होते. काशीवास करणारे काशीस जात. ज्यांस काशी दूर ते नाशिकास, पंढरीस वा आळंदीस एखादी खोली भाड्याने घेत. धर्मशाळेत तीन-चार रात्रींवर मुक्काम करू देत नसत, म्हणून कायम राहावयाचे तर बिऱ्हाडच करावे लागे. अशा वृद्धास कोणी 'टाकून दिलेला' म्हणत नसे. तो गेला तो आपल्या मर्जीने, घर व जमीन पाठीशी ठेवून. आणि मन रमले नाही तर परत येण्यास वाट मोकळी होती.

मात्र हे क्षेत्रवासाचे वैभव ज्यांच्या घरी चार पैसे शिल्लक पडत त्यांचे. आपल्या कुणबी ज्ञातीत ते विरळा. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांस भाड्याचा जो अनुभव होता, तो निराळाच होता. आणि भाड्याच्या घराचे नाव काढताच आपली वृद्ध मंडळी आजही का बिचकतात, त्याचे खरे कारण तेथे आहे.

आपण कुळे होतो. जमीन सावकाराची, खंड भाताचा, आणि पुष्कळदा ज्या जोत्यावर आपले घर उभे ती जागासुद्धा मालकाची. राबणारा हात थकला म्हणजे ते कूळ मालकास नकोसे होई. ज्याचे मुलगे कर्ते नाहीत अशा म्हाताऱ्या कुळाची दैना ह्या प्रांताने पाहिली आहे. वार्धक्य आणि बेदखली ह्या दोन भीती आपल्याकडे जुळ्या बहिणींसारख्या वाढल्या.

१९४८ सालचा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ रोजी 'कसेल त्याची जमीन' हे वचन कायद्याने खरे झाले. त्या दिवशी कूळ हे त्याने कसलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकारणीच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत न्यायाधिकरणाने ठरवावयाची आणि ती हप्त्यांनी भरावयाची. ह्या कायद्याचा जमिनीचा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्यातील घराचा भाग फारसा कोणी आठवीत नाही. कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्यास काढता येणार नाही, आणि मालक ती जागा विकू लागला तर ती घेण्याचा पहिला हक्क कुळाचा, अशी कलमे त्यात आहेत. म्हाताऱ्या माणसाचे बाजले ओटीवरून कोणी रस्त्यावर टाकू शकणार नाही, अशी हमी आपल्या घराण्यांस पिढ्यान् पिढ्यांनंतर लाभली ती अशी. त्या कागदांच्या गुंडाळ्या आजही कित्येक घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या आहेत.

दुसरा अनुभव मुंबईचा. लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आला व १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस पोचला. उंबरमाळी हे खर्डी व कसारा यांच्या मधले ठिकाण. तेव्हा मुंबईची वाट आपल्या दारावरूनच गेली म्हणावयाची. तरुण पुरुष गिरणीत, गोदीत, रेल्वेत गेले आणि लालबाग-परळच्या चाळींत राहिले. गावकीची खोली ही संस्था आज विस्मृतीत चालली आहे. एका गावच्या पंधरा-वीस जणांनी मिळून दहा बाय बाराची एक खोली धरावयाची, भाडे वर्गणीने द्यावयाचे, प्रत्येकाची एक ट्रंक व एक वळकटी. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत. आजारी पडला तर सोबती त्यास गाडीत बसवून गावी पोचवीत. सामाईक भोजन, सामाईक वर्गणी, समवयस्कांची सोबत आणि अडीअडचणीस हाक! आजच्या ज्येष्ठ-वसाहतीची जाहिरात वाचताना आम्हांस गावकीच्या खोलीचीच आठवण होते. फरक एवढाच की तेव्हा ते तारुण्यात होते आणि आता वार्धक्यात आहे.

त्या खोलीसही कायद्याचे कवच होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण धरले आणि भाडेकरूस सहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. चाळमालकांनी त्यातून पळवाट काढली. भाडेकरू ठेवावयाचाच नाही, केवळ 'परवानगीने राहू द्यावयाचे', असे कागद होऊ लागले. ही 'लीव्ह अँड लायसन्स'ची जन्मकथा. सरकारने १९७३ साली त्या पळवाटेवर दरवाजा लावला, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानगीने राहत होते त्यांस भाडेकरू ठरविले. येथवर कायदा राहणाऱ्याच्या बाजूने उभा होता: शेतात कुळाच्या, चाळीत भाडेकरूच्या.

पुढे वारे फिरले. घरे भाड्याने देण्यास कोणी धजेना, रिकामी घरे कुलपात राहू लागली, ही मालकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूंचे रक्षण चालू ठेवले. पण परवानगीने राहणारा, म्हणजे लायसन्सी, याने मुदत संपताच जागा सोडली पाहिजे, न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी, असे ठरले. करार लेखी व नोंदलेला असावा, ही जबाबदारी मात्र मालकावर घातली आहे. न नोंदविल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींविषयी तंटा पडल्यास उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. आज जो साठीचा गृहस्थ ज्येष्ठांच्या वसाहतीत घर 'भाड्याने' घेतो, तो बहुतेक वेळा भाडेकरू नसून लायसन्सी असतो. आजोबांस कूळ म्हणून आणि वडिलांस चाळीतील भाडेकरू म्हणून जे संरक्षण मिळाले, त्यातले त्याच्या वाट्यास काहीही येत नाही. भाड्याचे घर म्हातारपणी घ्यावे की नाही, ह्या प्रश्नाचे मर्म आम्हांस येथे दिसते.

आता संस्थांविषयी. वृद्धांसाठी स्वतंत्र निवास महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुने आहेत. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, ज्यास आज 'निवारा' म्हणतात, ते १८६० च्या दशकातले. परंतु ते निराधारांसाठी. आणि 'वृद्धाश्रम' ह्या शब्दास जो दयेचा वास चिकटला तो तेव्हापासूनचा. १९९५ साली राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली. त्यातील एक आश्रम आपल्याच लोहमार्गावर, खडवलीजवळ सोरगाव येथे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे साठाहून अधिक जणांस करोनाची लागण झाल्याचे वृत्त आले, तेव्हा अनेकांनी बोटे मोडली. वास्तविक त्या काळात जेथे जेथे माणसे एकत्र राहत होती तेथे तेथे हे घडत होते.

पैसे देऊन, स्वखुशीने, समवयस्कांत राहण्याची वसाहत ही ह्याहून वेगळी गोष्ट. अमेरिकेत आरिझोना प्रांती 'सन सिटी' नावाचे सबंध गाव १ जानेवारी १९६० रोजी वयस्कांसाठी खुले झाले. आपल्याकडे ह्या शतकाच्या आरंभी पुण्यात परांजपे यांच्या 'अथश्री' वसाहती उभ्या राहिल्या, आणि मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने नेरळ येथे वृद्धांसाठी वसाहत केली. मुरबाडच्या माणसास नेरळ हे परके नव्हे; मधे कर्जत तालुक्याची शीव तेवढी ओलांडावयाची. अशा ठिकाणी उंबरठे नसतात, स्नानगृहात धरावयास दांडे असतात, हाक मारण्यास घंटा असते, जेवण आयते मिळते. केंद्र शासनाने २०१९ साली व महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने २०२४ साली ह्या वसाहतींची घडण कशी असावी याविषयी सूचनाही काढल्या. त्या चांगल्या आहेत. पण त्यांचा रोख मुख्यत्वे बांधणे व विकणे यांवर आहे. भाड्याने राहणाऱ्याचे नशीब त्याच्या हातातील करारावरच अवलंबून.

असा एक करार आमच्या वाचनात आला. उंबरमाळी परिसरातील आपल्या ज्ञातीचे एक दांपत्य. नावे लिहिण्याचे कारण नाही. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त, मुलगा डोंबिवलीस दोन खोल्यांत, मुलगी नाशिकास दिलेली. बाईंचे गुडघे धरलेले. पावसाळ्यात कौले गळतात, चैत्र-वैशाखात पाण्याची ओढाताण. मुंबईस पाणी पाजणारी धरणे आपल्या तालुक्यात, आणि आपली गत धरण उशाला, कोरड घशाला! रात्री छातीत कळ आली तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत वाहन मिळेतो जीव टांगणीला. मुलाने एका वसाहतीत घर पाहिले व करार वाचण्यासाठी आमच्याकडे आणून दिला. मुलगा वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण ऐकणाऱ्यांनी त्यास आधीच वाईट ठरविले होते. बाई आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, घर आमचं आहे, पण घरात बोलायला कोण आहे?" ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

करारात पुढील गोष्टी होत्या. मुदत अकरा महिन्यांची. राहणे-जेवण मिळून दोघांचे महिना २२,००० रुपये, व प्रत्येक नूतनीकरणास १० टक्के वाढ. अनामत रक्कम वेगळी. दोघांपैकी एक निवर्तल्यास दुसऱ्यास ठेवणे न ठेवणे व्यवस्थापनाच्या इच्छेवर. आणि राहणारा अंथरुणास खिळल्यास तीस दिवसांत त्यास हलवावे.

आम्ही पाटी-पेन्सिलीची माणसे, म्हणून हिशेब मांडला. दर अकरा महिन्यांस १० टक्के, अशी सात नूतनीकरणे झाली म्हणजे २२,००० चे ४२,८७२ होतात. आणि सात नूतनीकरणे होण्यास सात वर्षेही लागत नाहीत, सत्याहत्तर महिन्यांतच तो आकडा गाठला जातो. निवृत्तिवेतनावरील महागाई भत्ता वाढतो खरा, पण इतक्या वेगाने नित्य वाढेल असे धरून चालता येत नाही. याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मे असते. पतीमागे पत्नीस मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन ठराविक मुदतीनंतर त्याच पगाराच्या ३० टक्के. म्हणजे मूळ निवृत्तिवेतन ३०,००० असेल तर बाईंच्या हाती मूळ १८,००० आणि त्यावरील भत्ता. भाडे ठरवावयाचे ते ३०,००० वर नव्हे, १८,००० वर. दोघे असताना परवडणारे घर एकटीस परवडले नाही, तर सत्तरीच्या विधवेस विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावे लागेल. ज्यांस निवृत्तिवेतनच नाही अशा शेतकरी कुटुंबाचे तर बोलावयासच नको. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांस जुने निवृत्तिवेतन नसल्याने पुढील पिढीच्या शिक्षकांसही हा हिशेब निराळा मांडावा लागेल.

अनामत कोठून आणावयाची, ह्या प्रश्नास हल्ली एक ठरीव उत्तर मिळते: जमीन विका. द्रुतगती मार्ग झाल्यापासून शहापूरकडे जमिनीस भाव आला आहे, आणि कूळकायद्याची जमीन विकण्याची वाटही २०१४ च्या दुरुस्तीने सोपी झाली. दहा वर्षे लोटली असल्यास आकारणीच्या ४० पट नजराणा भरून ती विकता येते. आमचे ठाम मत असे की, भाड्याच्या बिऱ्हाडासाठी ओटी विकू नये. तसेच निघण्यापूर्वी सातबारा वा घर मुलांच्या नावे करून देण्याची घाई करू नये. द्यावयाचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. कारण २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या २३ व्या कलमाखाली, ती अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येते. अट लिहिलेलीच नसेल तर वृद्धास कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. क्षेत्रवास करणाऱ्या पूर्वीच्या वृद्धाचे बळ हेच होते की मागे घर त्याच्या नावे होते.

इतके लिहिल्यावर वाचकांस वाटेल की आम्ही वसाहतीच्या विरुद्ध आहोत. तसे नाही. रिकाम्या घरात कुढत बसण्यास आम्ही कुलाभिमान समजत नाही. चार समवयस्कांत बसून पत्ते कुटणे, हरिपाठ म्हणणे, दुसऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करून स्वतःचे दुखणे विसरणे, ह्यात म्हाताऱ्याचे आयुष्य सुखाचे होते. आणि सुनेवर चोवीस तास भार न टाकता तिच्याशी गोडी राखता येते. आमच्या पाहण्यात एकाच छपराखाली वर्षानुवर्षे अबोला धरून राहिलेली घरे काही थोडी नाहीत.

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांस चार गोष्टी मागावयास सांगितल्या: मुदत अकरा महिन्यांऐवजी साठ महिने; वाढ ५ टक्क्यांपलीकडे नाही; एकामागे दुसऱ्याचा हक्क लेखी; आणि अंथरुणास खिळल्यास हलविण्याऐवजी जादा खर्चाने शुश्रूषा. पुष्कळ बोलणी झाली. मुदत छत्तीस महिने झाली, वाढ ७ टक्क्यांवर आली, पत्नीचा हक्क लिहून मिळाला. चौथी गोष्ट व्यवस्थापनाने काही केल्या मानली नाही. मग त्या दोघांनीच तोड काढली. कायम जावयाचे नाही. ज्येष्ठ लागला की वसाहतीत जावयाचे, दसऱ्यास घरी परतावयाचे. तीन वर्षांचा करार त्यांनी सोडून दिला आणि त्याच वसाहतीत चार-चार महिन्यांची पाहुण्यांची खोली धरली. ती महिन्याच्या हिशेबाने महाग पडते, पण वर्षाच्या हिशेबाने निम्म्याहून कमी. गिरणीतला माणूस लावणीस व होळीस गावी येई, तसे हे आता उलट चालले आहे. गेल्या दसऱ्यास ते परतले तेव्हा बाईंनी वसाहतीत शिकलेले लोकरीचे विणकाम आमच्या घरी आणून दाखविले.

पण हा तोडगा ज्याचे पाय चालतात त्याचा. अंथरुणास खिळलेल्याचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तेथे आम्ही आपल्या संघाकडे पाहतो. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि मागोमाग ज्ञातिज्ञातींची वसतिगृहे निघाली. शहरात खोली न मिळालेला खेड्यातला मुलगा त्यांच्यामुळे शिकला. मुलांसाठी जे शतकापूर्वी सुचले ते वृद्धांसाठी आज का सुचू नये? जर्मनीत आउग्सबुर्ग शहरी याकोब फुगर नावाच्या सावकाराने १५१६ च्या सुमारास आपल्या पंथाच्या गरीब नगरवासीयांसाठी घरे बांधली. वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन. दानपत्रात तसे लिहिले असल्याने आज पाचशे वर्षांनीही ते तेवढेच, म्हणजे एका युरोहून कमी, ८८ सेंट, आहे. बदल्यात रहिवाशाने रोज तीन प्रार्थना म्हणावयाच्या. सावकारही कधी कधी चांगला कागद लिहून जातो!

फुगरची संपत्ती आपल्यापाशी नाही. शहापुरात रुग्णालयाच्या जवळ तळमजल्याच्या पाच-सहा खोल्या, एक स्वयंपाकीण, एक शुश्रूषा करणारी बाई, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. खोली कोणास किती काळ द्यावयाची, भाडे किती व किती वर्षे न वाढविता, आणि अंथरुणास खिळलेल्यास हलवावयाचे नाही, हे संघाच्या विश्वस्तपत्रात आधी लिहून मग वीट रचावी. ज्ञातीबाहेरच्या शेजाऱ्यास त्यात घ्यावे की नाही यावर मतभेद होतील. आमचे मत घ्यावे असे आहे, कारण ओटीवर बसणाऱ्याने शेजाऱ्यास जात विचारून हाक मारल्याचे आम्ही पाहिले नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्या कुटुंबांपाशी अशा वसाहतींचे करारनामे असतील त्यांनी नावे झाकून त्यांच्या प्रती बरोबर आणाव्यात; दहा-बारा करार शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे कोणती अट सुटते आणि कोणती सुटत नाही ते कळेल.